६० की १०० मिमी मॅक्रो लेन्स: अंतर कुठून मोजलंय ते बघा

मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स घेताना एक मुद्दा मांडला जातो: '६० आणि १०० मिमी दोन्ही १:१ देतात (वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराइतकी उमटते), मग हलकी आणि स्वस्त ६० का नको?' हा मुद्दा नाणी, दागिने, फुलं यांच्यापुरता पटतो. किड्यांसाठी नाही. माहितीपत्रकातलं किमान फोकस अंतर (त्याहून जवळचं स्पष्ट येत नाही) कॅमेऱ्यातल्या सेन्सरपासून मोजलेलं असतं, लेन्सच्या काचेपासून नव्हे. १०० मिमीच्या बऱ्याच मॅक्रो लेन्सना ते साधारण ३० सेंमी असतं. त्यातून लेन्सची लांबी आणि बॉडीतला भाग वजा करा, १:१ ला किडा काचेपासून जेमतेम १३-१५ सेंमीवर येतो. ६० मिमीला फार तर १० सेंमी उरतात, काहींना त्याहूनही कमी. त्यात हूड (लेन्सच्या तोंडावरची कड) लावलात तर चतुर उडालाच म्हणून समजा, आणि बसून राहिलाच तर लेन्सची सावली त्याच्यावर.

एफ/२.८ साठी, म्हणजे जास्त प्रकाश घेणाऱ्या मोठ्या छिद्रासाठी मात्र जास्त पैसे घालू नका. १:१ ला प्रकाश साधारण एफ/५.६ इतकाच, म्हणजे बराच कमी पोचतो, आणि डेप्थ ऑफ फील्ड (पुढेमागे जेवढा भाग स्पष्ट येतो ती खोली) इतकी तुटपुंजी असते की छिद्र लहान करून एफ/८-११ वर जावंच लागतं. उरलेल्या पैशांत फ्लॅश आणि त्याचा प्रकाश मऊ करणारा बरा डिफ्यूझर घ्या. हाताचा कंप सावरणाऱ्या स्टॅबिलायझेशनवरही फार विसंबू नका, इतक्या जवळून त्याचा उपयोग बराच कमी होतो.