मदत हवी आहे: भाड्याने द्यायला नागपुरात बेसा-मनीषनगरकडे जुना फ्लॅट घ्यावा का?

नमस्कार मंडळी. बाबांच्या निवृत्तीच्या पैशातून टू बीएचके बघतोय. आयुष्यभराची पुंजी आहे, म्हणून धाकधूक वाटते.

एक फ्लॅट आवडला, पण तो गच्चीखालचा. बेडरूमच्या छताचे पोपडे सुटलेत, कोपऱ्यात ओल आहे. मालक म्हणतात, "रंग मारला की झालं." मला पटत नाही. वॉटरप्रूफिंगचा खर्च किमतीतून कमी करून मागावा का? लेआउटचं आर.एल. लेटर (लेआउट नियमित केल्याचं सरकारी पत्र) कुणाकडून तपासून घेऊ?

भाडेकरार ११ महिन्यांचा असला तरी नोंदणी सक्तीची, भाड्यावर प्राप्तिकरात ३० टक्के वजावट, एवढं माहीत आहे. पण घर रिकामं राहिलं तरी मेंटेनन्स आणि घरपट्टी भरावीच लागते. त्यासाठी तुम्ही किती महिन्यांचं भाडं बाजूला ठेवता? मिहानमधल्या (जवळच्या आयटी-उद्योग क्षेत्रातल्या) नोकरदार मुलांना द्यावं की कुटुंबाला?