मदत हवी आहे: पर्यावरणाच्या तासाला हाताने करण्यासारखं काय?

खडूची_धूळ
प्रकल्प म्हटला की माझ्या वर्गातली पोरं नेटवरून हिमनग आणि हाडकुळं पांढरं अस्वल छापून आणतात, कार्डशीटवर चिकटवतात, कडेने चमकी लावतात. ओझोनचा थर तोंडपाठ, पण खिडकीबाहेरचं झाड कोणतं ते एकालाही सांगता येत नाही. आसपासचंच, हाताने करायचं काहीतरी सुचवा. घोषवाक्यं, पोस्टर, शपथ नको, सगळं झालंय. पुढच्या आठवड्यात सुरू करायचंय, तेव्हा जरा लवकर.

आडवाट
कितवी? पट किती? मैदान माती आहे की फरशी?

गांडूळमित्र
डोळे झाकून गांडूळखत! डब्यातलं उरलंसुरलं, पालापाचोळा, सगळं जिरतं. दीड-दोन महिन्यांत खत तयार. मुलं आधी ‘ई’ करतात, मग हातात घेऊन फिरतात.

निवांत
आणि सुट्टीत पेटीवर पाणी कोण शिंपडणार? तुम्ही?

गांडूळमित्र
ओलं गोणपाट टाकून सावलीत ठेवलं की चालतं. करून बघा, मग बोला.

पाणवठा
जवळपास ओढा आहे का? पाण्यातले दगड उलटे करून बघायला लावा. खालच्या बाजूला मेफ्लायच्या (पाण्यात वाढणारा एक छोटा कीटक) अळ्या चिकटलेल्या दिसल्या (बहुतेकींना शेपटाचे तीन धागे असतात), तर पाण्यात प्राणवायू बरा आहे. नुसत्या लाल लाल अळ्या वळवळताना दिसल्या, तर समजा पाणी बिघडलंय. त्या कमी प्राणवायूतही तग धरतात, त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं. बघून झाल्यावर दगड होता तसाच ठेवायचा.

निवांत
अख्खा वर्ग ओढ्यावर? एखादं घसरलं तर निस्तरणार कोण? सल्ले देणारे वेगळे, उत्तरं देणारे वेगळे.

सूर्यमुखी७
शाळेच्या छतावर सौर पॅनल बसवून घ्या. दक्षिणेकडे तोंड, आणि सावली पडता कामा नये. विजेचं बिल बघा मग.

आडवाट
सूर्यमुखी, धागा वाचलात का?

धोपटमार्गी
अवांतर: ओझोनला उगाच नावं ठेवू नका. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोन विरळ करणारे सीएफसी वायू आटोक्यात आले, थर हळूहळू भरून येतोय. पर्यावरणात चांगली बातमी म्हणून सांगण्यासारखं तेवढंच तर आहे.

खडूची_धूळ
सातवी. पट पन्नासच्या वर. आवाराबाहेर न्यायचं तर पालकांच्या सह्या, आणि त्यात महिना जातो. मैदान मातीचं आहे, कडेला चार-पाच झाडं. तास पस्तीस मिनिटांचा. फार काही मागत नाहीये हो मी.

आडवाट
हे आधी सांगितलं असतंत तर! मग मुरण्याची परीक्षा घ्या. पत्र्याच्या डब्याचं बूड कापा, डबा बोटभर मातीत रोवा, मगभर पाणी ओता आणि मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजा. एक डबा झाडाखाली, एक फुलझाडांच्या वाफ्यात, एक रोज पायाखाली तुडवल्या जाणाऱ्या जागी. तुडवलेल्या जागी पाणी बहुतेक तसंच बसून राहील. का, ते लगेच सांगू नका. जागेवरच भांडू द्या त्यांना. पाच-सहा जणांचे गट केले की पन्नास जणही आवरतात.

दुसऱ्या तासाला छप्पर मापा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर. म्हणजे १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पडला की हजार लिटर, थोडं उडून-सांडून जातं ते वजा. हे पाणी जातं कुठे, तेवढं पोरांना शोधायला लावा.

धोपटमार्गी
सहमत. उन्हातलं आणि सावलीतलं तापमानही घ्या.

निवांत
घ्या, पण थर्मामीटर थेट उन्हात धरू नका, तो स्वतःच तापतो आणि भलताच आकडा दाखवतो. दोन्हीकडे पुठ्ठ्याचा आडोसा करा आणि जमिनीपासून सारख्याच उंचीवर धरा. (हो, मीसुद्धा कधीकधी कामाचं बोलतो.)

गांडूळमित्र
वाफ्यात पाणी लवकर मुरतं ते गांडुळांच्या बिळांमुळेही, हे नोंदवून ठेवतो.

खडूची_धूळ
डब्यांचं जमेल, ते आणि छप्पर नक्की. पण याला मार्क कसे द्यायचे? वर तर फाईलच मागतात.

आडवाट
फाईलच द्या की. त्यात पोरांनी घेतलेल्या वेळा, मातीचे डाग पडलेले कागद, चुकलेले आकडेही. वर कोण मागतंय, मुख्याध्यापक की तपासणीवाले?