पिन पार्वती: ओढ्यांचं वेळापत्रक आधी ठरवा

जीपीएस ट्रॅक आणि एक दोर घेऊन, गाईडशिवाय पिन पार्वती (हिमाचलमध्ये पार्वती खोऱ्यातून स्पितीच्या पिन खोऱ्यात नेणारी खिंड) जमेल का, असं एकाने विचारलंय. ट्रॅकबद्दल थोडक्यात: खिंड ५३०० मीटरच्या आसपास, वर हिमनदी. तिथल्या भेगा दरवर्षी जागा बदलतात, त्यामुळे कुणाच्या जुन्या ट्रॅकवर डोळे मिटून चालू नका. वाट माहीत असलेला गाईड सोबत घ्याच.

खरा प्रश्न पाण्याचा. सह्याद्रीतला ओढा पावसाने चढतो, तिकडचा उन्हाने. निरभ्र दिवशी दुपारनंतर बर्फाचं पाणी वाढत जातं आणि पहाटे सर्वात कमी असतं. म्हणून मुक्काम ओढ्याच्या अलीकडे टाका आणि उजाडताच ओलांडा. अरुंद जागा सोपी वाटते, पण धार तिथेच खोल नि जोरकस असते. पात्र पसरून फाटे फुटलेत तिथे उतरा. सॅकचे कमरेचे आणि छातीचे बंद सोडा, पाय घसरला तर सॅक टाकून देता आली पाहिजे. बूट किंवा सँडल घालूनच उतरा, अनवाणी नको. तळाशी दगड गडगडल्याचा आवाज आला तर सरळ थांबा. दोर कमरेला बांधू नका! ताणला की तोच माणसाला पाण्याखाली दाबतो.

आणि हो, सॅटेलाइट मेसेंजर (मोबाइलला रेंज नसताना उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं यंत्र) परदेशातून मागवायचा विचार असेल तर भारतात तो विनापरवाना वापरणं बेकायदा आहे. एक-दोन दिवसांचा जादा शिधा मात्र घ्याच, पाणी उतरायची वाट बघावी लागते.