ईएल३४ व्हॉल्व्ह तापून लाल होतो. बायस कमी करावा की आधी दोष शोधावा?

खेतवाडीकर

नमस्कार. माझ्याकडे दोन ईएल३४ व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा), ५० वॅटचा एक जुना गिटार अँप्लिफायर आहे. गेल्या महिन्यात एका कारागिराकडून दोन्ही पॉवर व्हॉल्व्ह बदलून घेतले. त्याने बायस (काही वाजत नसताना व्हॉल्व्हमधून किती करंट वाहावा हे ठरवणारे व्होल्टेज) लावून दिला असल्याचे सांगितले, पण किती मिलिअँपिअरवर लावला असे विचारल्यावर "आम्ही कानाने लावतो" एवढेच उत्तर मिळाले. घरी आणल्यापासून पहिली पंधरा-वीस मिनिटे आवाज उत्तम लागतो. त्यानंतर त्यातला दम जातो, हलकी घरघर सुरू होते, आणि खोलीतला दिवा मालवून मागून पाहिले असता उजव्या व्हॉल्व्हची करडी प्लेट (आतला धातूचा पत्रा) मधोमध मंद लाल झालेली दिसते. डाव्या व्हॉल्व्हला असे काही होत नाही.

आत दोन्ही व्हॉल्व्हसाठी मिळून बायसचा एकच प्रीसेट (पेचकसाने फिरवायचा छोटा रेझिस्टर) आहे. तो फिरवून उजवा व्हॉल्व्ह थंड करावा का? गणपतीत वाडीत वाजवायचे आहे आणि हाताशी जेमतेम महिना आहे. मल्टिमीटर आहे, डाग देता येतो, परंतु ४०० व्होल्टच्या आसपास आजवर कधी हात घातलेला नाही.

ठाण्याचा_तारवाला

हिशेब सोपा आहे. ईएल३४ च्या प्लेटची उष्णता सोसण्याची मर्यादा २५ वॅट आहे. स्थिर बायसच्या, वर्ग एबीच्या (दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने भार उचलतात अशा) अँपमध्ये काहीही वाजत नसताना तिच्या ७० टक्क्यांच्या वर जाऊ नये, म्हणजे १७.५ वॅट. याला प्लेटच्या व्होल्टेजने भागले की प्रत्येक व्हॉल्व्हचा करंट मिळतो; ४७० व्होल्ट असतील तर सुमारे ३७ मिलिअँपिअर. प्रीसेट ग्रिडचे (व्हॉल्व्हमधला करंट आवरणाऱ्या जाळीचे) व्होल्टेज अधिक ऋण होईल त्या बाजूला फिरवा आणि लाली जाईपर्यंत खाली आणा.

जुना_रेडिओवाला

वरचा हिशेब बरोबर आहे, पण शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. प्रीसेट दोन्ही व्हॉल्व्हना सामाईक आहे. उजवा शांत होईपर्यंत तो फिरवला, तर डावा इतका थंड पडेल की हळू वाजवताना स्वर फाटल्यासारखा, कोरडा लागेल. शिवाय लाली एकाच बाजूला आहे आणि ती वीस मिनिटांनी येते, या दोन गोष्टी बायसच्या चुकीपेक्षा दुसऱ्याच कशाकडे बोट दाखवतात. बायसच चुकीचा असता, तर दोन्ही प्लेटा साधारण सारख्याच आणि चालू केल्यावर थोड्याच वेळात तापल्या असत्या. घरघरही त्याचमुळे असावी: दोन्ही बाजूंचे करंट समान असले तर पुरवठ्यातली लहर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये परस्परांना खोडते, ते बिघडले की ती ऐकू येते.

खेतवाडीकर, सर्वांत आधी चासी (अँपचा धातूचा सांगाडा) न उघडता एक गोष्ट करा. अँप बंद करून व्हॉल्व्ह गार होऊ द्या आणि दोघांची अदलाबदल करा. लाली व्हॉल्व्हबरोबर डावीकडे गेली तर व्हॉल्व्ह सदोष आहे. ती उजव्या सॉकेटवरच राहिली तर दोष परिपथात आहे, आणि तसे असेल तर माझा पहिला संशय त्या बाजूच्या कपलिंग कपॅसिटरवर राहील. फेज इन्व्हर्टरच्या (दोन पॉवर व्हॉल्व्हना परस्परविरुद्ध सूर देणाऱ्या आधीच्या टप्प्याच्या) प्लेटवरचे दोनशेहून अधिक व्होल्ट अडवून केवळ सूर पुढे सोडणे हे त्याचे काम असते. तो किंचित गळू लागला की ग्रिडवरचे ऋण व्होल्टेज कमी होते, व्हॉल्व्ह जास्त करंट ओढतो, आतली हवा तापते आणि गळती आणखी वाढते. आपल्याकडच्या दमट हवेत अनेक वर्षे पडून राहिलेल्या जुन्या कागदी कपॅसिटरमध्ये हे मी वारंवार पाहिले आहे. साध्या मल्टिमीटरवर असा कपॅसिटर निर्दोष दिसतो, कारण मीटर त्याच्यावर जेमतेम काही व्होल्टच लावतो. या फसवणुकीपायी मी स्वतः एकदा चांगले व्हॉल्व्ह बदलत बसलो होतो.

आता चासी उघडण्याविषयी. वायर भिंतीतून काढल्यावरही मुख्य व्होल्टेज सपाट करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये ४००-५०० व्होल्ट शिल्लक राहू शकतात. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड तारेने जोडून ते रिकामे करा आणि शून्य झाल्याची मीटरने खात्री करून घ्या. पेचकसाने ठिणगी पाडून रिकामे करण्याची जुनी सवय सोडून द्यावी. चालू अँपमध्ये मोजताना मीटरची काळी तार चासीला चिमट्याने लावा, दुसरा हात खिशात ठेवा, आणि स्पीकर जोडल्याशिवाय अँप चालू करू नका.

प्रत्येक सॉकेटच्या ८ क्रमांकाच्या पिनेची (कॅथोडची, जिथून व्हॉल्व्हचा सगळा करंट जातो) चासीकडे जाणारी तार सोडवून मध्ये १ ओहमचा, एक टक्का अचूकतेचा रेझिस्टर लावा. १ क्रमांकाची पिन ८ ला जोडलेली राहू द्या. त्या रेझिस्टरवर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. ही किंमत कॅथोडच्या करंटची असल्याने त्यात स्क्रीनचे (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीचे) चार-पाच मिलिअँपिअरही येतात, तेवढे वजा धरावेत. मग अँप तापलेला असतानाच बंद करा, दोन्ही पॉवर व्हॉल्व्ह काढा, पुन्हा चालू करून दोन्ही सॉकेटांच्या ५ क्रमांकाच्या (ग्रिडच्या) पिनेवरचे व्होल्टेज मोजा. भार नसल्याने मुख्य व्होल्टेज या वेळी वर चढते, म्हणून मोजमाप चटकन उरका. स्वस्त मीटरचा अंतर्गत रोध १ मेगओहमच असतो आणि तो दोन्हीकडे थोडे कमीच दाखवील, पण आपल्याला हवा आहे तो दोघांतला फरक.

खेतवाडीकर

काका, सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. अदलाबदल केल्यावरही लाली उजव्याच सॉकेटवर राहिली. लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, त्यामुळे रेझिस्टर त्याच संध्याकाळी आणले. वीस मिनिटांनंतरची मोजमापे अशी आहेत: प्लेटवर ४७० व्होल्ट, डावीकडे ३८ आणि उजवीकडे ६२ मिलिअँपिअर. व्हॉल्व्ह काढल्यावर ५ क्रमांकाच्या पिनेवर डावीकडे उणे ३८.२ आणि उजवीकडे उणे ३३.६ व्होल्ट. ग्रिडचे रेझिस्टर दोन्हीकडे २२० किलोओहमचे आहेत आणि मोजून ठीक भरले.

जुना_रेडिओवाला

४.६ व्होल्टचा फरक २२० किलोओहमवर, म्हणजे सुमारे २१ मायक्रोअँपिअर गळती. एवढीशी गळती ६२ मिलिअँपिअरला कारण होते. स्क्रीनचे पाच वजा करून ५७ गुणिले ४७० म्हणजे जवळपास २७ वॅट. २५ च्या प्लेटने लाल होणे ओघानेच आले. कारागिराचे कान बहुधा बरोबर होते, कारण थंड अँपवर दोन्ही व्हॉल्व्ह सारखेच लागले असतील. ०.०२२ मायक्रोफॅरॅडचे, ६३० व्होल्टचे दोन नवे फिल्म कपॅसिटर आणा आणि दोन्ही बाजूंचे बदला. डावा आज ठीक असला तरी तो त्याच वयाचा आहे.

माहीमचा_सहावा_सूर

मध्येच बोलतो, पण एक गोष्ट कोणी विचारली नाही. मागच्या पट्टीवरचा व्होल्टेज निवडण्याचा खटका कशावर आहे, आणि घरात प्रत्यक्षात किती व्होल्ट येतात? खटका २२० वर असेल आणि भिंतीत २४० असतील, तर आतले प्रत्येक व्होल्टेज ९ टक्क्यांनी वर जाते. हीटरला (व्हॉल्व्हच्या आतल्या तापणाऱ्या तारेला) ६.३ च्या जागी ६.९ मिळाले की ते दहा टक्क्यांच्या मर्यादेला टेकतात. बायस लावण्यापूर्वी हे पाहावे, नाहीतर खटका बदलल्यावर सगळे पुन्हा लावावे लागेल.

खेतवाडीकर

तंतोतंत तसेच निघाले. खटका २२० वर होता, संध्याकाळी भिंतीत २४१ भरले आणि हीटरवर ६.८७. आज दोन्ही कपॅसिटर बदलले, अँप बंद असताना खटका २४० वर केला आणि प्रीसेट थोडा फिरवला. अर्ध्या तासानंतर प्लेटवर ४३४ व्होल्ट, डावीकडे ३८ आणि उजवीकडे ३९ मिलिअँपिअर, हीटरवर ६.३१. अंधारात तासभर पाहिले. लाली नाही आणि घरघरही गेली.

ठाण्याचा_तारवाला

माझा सल्ला मागे घेतो. स्क्रीन वजा जाता प्लेटवर साधारण १५ वॅट येतात, ते सुरक्षित आहे. व्हॉल्व्ह नवे असल्याने आठ-दहा तास वाजवून झाल्यावर एकदा पुन्हा मोजा, आणि ते मोजमाप वाडीतल्या मांडवात अँप नेण्यापूर्वी घरीच करा.