मुळं १९३८ची

एअर ट्रेनिंग कोअर, म्हणजे मुलांना हवाई दलाचं प्राथमिक शिक्षण देणारी ब्रिटनमधली कॅडेट संघटना, तिचा जन्म १९४१चा सांगितला जातो. कागदोपत्री बरोबर, पण मुळं १९३८च्या एअर डिफेन्स कॅडेट कोअरमध्ये आहेत. एअर लीग या विमानविद्येचा प्रसार करणाऱ्या ब्रिटिश संस्थेचे एअर कमोडोर (हवाई दलातला हुद्दा) चॅमियर यांनी ती उभी केली आणि तुकड्यांचा खर्च बराचसा स्थानिक वर्गणीतून भागायचा. पहिल्या पन्नास तुकड्या आजही क्रमांकानंतर 'एफ' अक्षर मिरवतात, म्हणजे फाउंडर.

या कॅडेटांच्या गोष्टीची एक बाजू मात्र सहसा कुणी काढत नाही. डिसेंबर १९४३पासून ब्रिटनमध्ये सोडत काढून सक्तीच्या लष्करी भरतीतली पोरं कोळशाच्या खाणीत धाडली जाऊ लागली. नोंदणी क्रमांकाचा शेवटचा आकडा निघाला की विषय संपला! त्यात वैमानिक व्हायची तयारी केलेले कॅडेटही सापडले. नकार दिला तर दंड किंवा तुरुंग. हा निव्वळ अन्याय होता.