'कोणीतरी करेल'
पद नसेल तर नेतृत्व शिकायचं कुठे, असं पुष्कळजण विचारतात. जिथे चारजण 'कोणीतरी करेल' म्हणून गप्प बसतात, तिथेच! डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांचा १९६८चा प्रयोग बघा. इंटरकॉमवर एकाला फिटचा झटका आल्याचं ऐकू येतं (अर्थात ध्वनिमुद्रित). ऐकणारे आपण एकटेच, असं वाटलेल्यांपैकी ८५ टक्के लोक झटका चालू असतानाच कळवायला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटलं तेव्हा जेमतेम ३१ टक्के.

म्हणून बैठकीतून 'बघू या'वर उठायचं नाही. कोण, काय, कधीपर्यंत, हे तिथेच विचारायचं. काहीजण आगाऊ म्हणतील, म्हणू देत. फक्त कामं वाटताना सगळ्यात नावडतं काम स्वतःकडे घ्या, नाहीतर पुढच्या वेळी कोणी ऐकणार नाही.