मदत हवी आहे: नार्नियाची पुस्तके कोणत्या क्रमाने वाचून दाखवावीत?

मुलीला रोज रात्री नार्नियाची (म्हणजे सी. एस. लुईस यांच्या, त्या नावाच्या काल्पनिक जगावरच्या मुलांच्या कादंबऱ्या) सातही पुस्तके वाचून दाखवायची ठरवली आहेत. अडचण आहे ती क्रमाची. कपाटातून नार्नियात शिरणाऱ्या भावंडांची गोष्ट १९५० साली आली आणि त्या जगाच्या जन्माची १९५५ साली, तरी हल्लीच्या संचांत दुसरीच आधी छापतात. पिवळ्या अंगठीने रानातल्या डबक्यांपाशी पोहोचायचे आणि हिरवीने एकेका डबक्यातून निराळ्या जगात उतरायचे, हा त्या जन्माच्या गोष्टीतला भाग तिला नक्की आवडेल. पण कपाटाच्या गोष्टीतल्या बर्फाळ रानात एकटाच जळणारा दिव्याचा खांब कुठून आला, हे जन्माच्या गोष्टीतून आधीच कळले तर कोडेच उरणार नाही, अशी (कदाचित उगाचच) धास्ती वाटते. ज्यांनी मुलांना ही पुस्तके वाचून दाखवली आहेत, त्यांनी कोणता क्रम धरला, हे कृपया सांगावे.